उलटा पीळ

जावा जावा, उभा दावा, असं ज्यानं कुणी म्हणून ठेवलंय त्यानं स्वतःच्या घरात बघूनच म्हटलं असणार. या घरातल्या दोन जावांचा दावा मात्र चुलीवरून नव्हता. तो होता गॅरेजातल्या डाव्या भिंतीला टेकवलेल्या एका लाकडी टेबलावरून.

गॅरेज सासऱ्यांचं. दोघे मुलगे इंजिन आणि पत्रा बघायचे. दिवे, हॉर्न, बॅटरी, वायरिंग, म्हणजे गाडीतली सगळी वीज सासऱ्यांकडे. सुना त्यांना मामंजी म्हणत. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूज कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. ती डबा घेऊन गॅरेजात यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत टेबलाशी उभी राहून बघत राहायची. एक दिवस मामंजींनी जेवता जेवताच पक्कड तिच्या हातात दिली आणि दोन तारांची टोकं एकमेकींत पिळून जोड द्यायला सांगितला. थोरली डावरी. तिनं दिला तो पीळ उलट्या बाजूनं बसला. मामंजींनी तो ओढून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, तुझा पीळ उलटा आहे. पण राहू दे. वायर चोरीला गेली तर ओळखता तरी येईल."

त्याला अकरा वर्षं झाली. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, हात थरथरायला लागले, आणि टेबल हळूहळू थोरलीचं झालं. गिऱ्हाईक आत शिरताच विचारायचं, "ताई आहेत का?" नवरा इंजिनात डोकं घालून उभा असायचा, त्याला कुणी विचारायचंसुद्धा नाही. थोरलीला हे फार आवडायचं. आवडायचं म्हणजे किती, तर ताप असला तरी ती घरी राहायची नाही, न जाणो कुणी विचारलं आणि आपण नसलो तर.

मग आठ महिन्यांपूर्वी धाकटी आली. शिकून आलेली, डिप्लोमावाली. तिच्याकडे स्वतःचं मीटर होतं, पिवळं, निळ्या पाऊचमधलं. थोरली आणि मामंजी टेस्ट लॅम्पवर काम करायचे. एक बल्ब, दोन वायरी, एक सुई. पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. धाकटीच्या मीटरवर आकडे यायचे. मामंजींना आकडे दिसत नसत, मग ती ते वाचून दाखवायची आणि मामंजी मान हलवत ऐकायचे, जसं कुणी पेपर वाचून दाखवावा. तेवढं बघितलं की थोरली टेबलावरची हत्यारं उगाच खडखडवत लावायला घ्यायची.

तिला हेवा वाटत होता, दुसरं काही नाही. तिनं स्वतःला बरीच कारणं देऊन पाहिली: धाकटी हत्यारं जागेवर ठेवत नाही, धाकटी फोनवर फार बोलते, धाकटी काळी टेप सोडून ती महागडी कापडी टेप वापरते. कारणं खरी होती. पण धाकटीनं हत्यारं जागेवर ठेवली असती तरी काही फरक पडला नसता, हे तिलाही ठाऊक होतं.

एकच दिवस तिच्या मनासारखा गेला होता. धाकटीनं पहिल्याच आठवड्यात एका हेडलाइटच्या वायरीला जोड दिला. मामंजींनी तो ओढला, सगळे बघत असताना पक्कडीनं कट्‌कन कापला, जमिनीवर टाकला आणि म्हणाले, "पुन्हा." धाकटीचे कान लाल झाले. थोरलीनं त्या दिवशी सगळ्यांना स्वतःहून चहा केला. आणि वर धाकटीला बाजूला घेऊन गॅरेजचे दोन नियमही ऐकवले, गरज नसताना. पहिला, दार उघडं, मग हात आत. म्हणजे गाडीत काम करताना दार सताड उघडं पाहिजे, कारण फार पूर्वी कुणीतरी लाथेनं दार लोटलं होतं आणि मामंजींची दोन बोटं त्यात सापडली होती. दुसरा, रबरात जोड नाही. गाडीचं दार आणि बिजागरीचा खांब यांच्यामध्ये रबराची एक नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार उघडलं-मिटलं की ती नळी वाकते. तिथे जोड दिला तर आज ना उद्या तुटणारच. धाकटीनं दोन्ही नियम मान खाली घालून ऐकले आणि "हो ताई" म्हणाली.

अशातच मामंजींच्या स्वतःच्या गाडीची काच अडकली.

गाडी जुनी, पण त्या काळी पॉवर विंडो असलेली म्हणून मामंजींचा तिच्यावर जीव. अडकली ती ड्रायव्हरशेजारची काच, म्हणजे सासूबाईंची. सासूबाईंना बंद गाडीत दहा मिनिटांत मळमळतं. आणि दर रविवारी त्यांना शेजारच्या गावी बहिणीकडे जायचं असतं. बहीण अंथरुणाला खिळलेली, आठवडाभर वाट बघत असते. धाकटा मुलगा गाडी चालवतो, सासूबाई काच खाली करून वारा खात बसतात. काच नाही म्हणजे बहीण नाही, असा सरळ हिशेब.

ही काच तर थोरलीची. अकरा वर्षांपूर्वी ती अशीच एकदा बंद पडली होती. मामंजी नेमके बाहेरगावी, आणि थोरलीनं कुणालाही न विचारता ती एकटीनं चालू केली होती. तिचं आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम. मामंजी परत आल्यावर तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं, काच झाली. मामंजींनी काच वरखाली करून पाहिली आणि म्हणाले, "बरं." तेवढ्या एका शब्दावर ती महिनाभर तरंगत होती.

म्हणून सोमवारी सकाळी सासूबाईंनी काचेची तक्रार केली तेव्हा थोरलीनं पदर खोचून पक्कड उचललीसुद्धा. आणि मामंजी खुर्चीतून म्हणाले, "धाकटीला सांग."

दोनच शब्द. थोरलीनं पक्कड खाली ठेवली आणि एका स्कूटरची बॅटरी धुवायला घेतली. ती बॅटरी स्वच्छच होती.

धाकटीनं रीतसर काम केलं. आधी फ्यूज पाहिला, तो धड होता. मग स्विच उघडला. आतले पितळी पत्रे काळे पडले होते, ते घासून लख्ख केले. चावी फिरवली, बटण दाबलं, काच खाली गेली. पुन्हा दाबलं, वर आली. मामंजी "वा" म्हणाले. थोरलीच्या अकरा वर्षांत त्यांनी किती वेळा "वा" म्हटलं होतं ते तिनं मनात मोजलं. बोटांवर भागत होतं.

पण रविवारी गाडी फाटकाबाहेर पडली आणि वीस मिनिटांत परत आली. सासूबाई पांढऱ्याफटक, तोंडाला रुमाल लावून. काच जाग्यावरून हललीच नव्हती. थोरलीनं "अगंबाई" म्हणून त्यांना हात धरून उतरवलं, पाणी दिलं, पाठ चोळली. तोंडावर काळजी आणि मनात उकळ्या फुटत होत्या. सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवताना तिला स्वतःची जराशी लाजही वाटली, पण उकळ्या काही थांबल्या नाहीत.

धाकटी पुन्हा कामाला लागली. बुधवारी, गुरुवारी. गुरुवारी ती दुपारभर त्या दाराशी बसून होती, अगदी जमिनीवर मांडी घालून. संध्याकाळी हात पुसत उठली आणि मामंजींसमोर येऊन म्हणाली की मला नाही सापडत, ताईंना बघू दे. थोरलीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हरलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते तिला बघायचं होतं. धाकटीनं नजर चुकवली, आणि थोरलीला त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवारी तिनं काम असं केलं की बघणाऱ्यानं बघत राहावं. दार सताड उघडून दाराचं पॅनल काढलं. टेस्ट लॅम्पची सुई मोटरच्या वायरीत टोचली, बल्ब पेटला. वीज येतेय आणि काच जात नाही, म्हणजे मोटरच दमली, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माळ्यावर याच मॉडेलची जुनी मोटर होती, ती उतरवली, बसवली. चावी फिरवली. काच खाली, काच वर. दहा वेळा केली. नवरा पाना खाली ठेवून बघायला आला. मामंजींनीही मान डोलावली. मग थोरलीनं सासूबाईंना हाताला धरून आणलं, सीटवर बसवलं, दार लावलं आणि बाहेरून म्हणाली, "आई, दाबा."

सासूबाईंनी बटण दाबलं. काच ढिम्म. पुन्हा दाबलं. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता, प्रश्नार्थक, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

 नवरा पाना उचलून निघून गेला. धाकटी हसली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. तिनं येऊन सासूबाईंसाठी दार उघडलं आणि म्हणाली, "मोटर दमलेली होतीच, ताई. बदलली ते बरं झालं." आता या बाईला काय म्हणावं? कुणी आपल्या फजितीवर मीठ चोळलं तर भांडता येतं. हिनं फुंकर घातली.

शनिवारी दुपारी थोरली गाडीपाशी एकटी होती. दार उघडं, चावी फिरवलेली, काच शहाण्यासारखी वरखाली होत होती. समोर, टेबलापाशी, मामंजी धाकटीला काहीतरी सांगत होते. त्यांनी खिशातून आपला टेस्ट लॅम्प काढला, तो जुना, ज्याच्या सुईला त्यांनी स्वतः तांब्याची मूठ केली होती, आणि धाकटीच्या हातात ठेवला. बघायला दिला असेल. वापरायला दिला असेल. देऊनच टाकला असेल. धाकटी काहीतरी बोलली आणि मामंजी हसले, पोट हलवून.

थोरलीला ते बघवेना. ती सासूबाईंच्या सीटवर बसली आणि गॅरेजचा अकरा वर्षांचा नियम मोडून तिनं दार धाडकन ओढून घेतलं. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. रागानं तिनं बटणावर अंगठा दाबला.

काच हलली नाही.

तिनं डोळे पुसले. पुन्हा दाबलं. काही नाही. दार उघडलं, दाबलं, काच खाली. दार ओढलं, दाबलं, काच मेल्यासारखी. मग ती दार अर्धं लोटून, पाव लोटून बघत राहिली, आणि रडायचं विसरून गेली. दार उघडं असताना चालते, बंद केलं की मरते. म्हणजे फ्यूज नाही, स्विच नाही, मोटर तर नाहीच नाही. दोघींनी आठवडाभर दार उघडं ठेवूनच तपासलं होतं, नियमानं, इमानानं. दोष दाराच्या बिजागरीपाशी होता. रबराच्या नळीत.

आनंदानं तिला ओरडावंसं वाटलं. डिप्लोमावालीला नाही सापडलं ते! ती खाली बसली, नळीचं खांबाकडचं टोक ओढून काढलं आणि आतल्या वायरी बाहेर घेतल्या. त्यांतल्या जाड लाल वायरीला मध्येच एक जोड होता. रबरात. जुनी काळी टेप, आणि तिच्यावर नव्या कापडी टेपचे दोन वेढे.

कापडी टेप या गॅरेजात एकटी धाकटीच वापरायची.

थोरलीनं दोन्ही टेपा सोडल्या. आत जोड सैल झाला होता; दार उघडं असलं की टोकं एकमेकींना टेकत होती आणि मिटलं की सुटत होती. तांब्याच्या तारा हिरवट पडलेल्या. आणि पीळ उलटा.

ती बराच वेळ तो पीळ बघत बसली. अकरा वर्षांपूर्वीची दुपार तिला आता सगळी आठवली, नळी ओढतानाची घाईसुद्धा. ज्या नियमावर तिनं धाकटीला व्याख्यान दिलं होतं तो तिनंच मोडला होता, नियम माहीत व्हायच्या आधी. आणि धाकटीनं गुरुवारी हे सगळं पाहिलं होतं. पाहून, टेपेचे दोन वेढे देऊन, नळी जागच्या जागी बसवून ती मामंजींना म्हणाली होती, मला नाही सापडत.

थोरलीनं जोड दोन्हीकडून कापून खिशात टाकला. नवी वायर ओढायची, नळी बसवायची, संपलं. कुणाला कळणार होतं? धाकटीला कळलेलंच होतं, आणि ती बोलणार नव्हती. नेमकं तेच थोरलीला सहन होईना. धाकटीच्या मीटरचा हेवा ती करू शकत होती, मीटर बाजारात मिळतं. हा मोठेपणा कुठल्या दुकानातून आणायचा?

पाण्याच्या टाकीपाशी धाकटी हात धूत होती. थोरलीनं तिला गाठून खालच्या आवाजात विचारलं की गुरुवारी दिसलं होतं तर बोलली का नाहीस. धाकटीनं नळ बंद केला.

"तुमचा पीळ आहे हे कुणीही ओळखलं असतं, ताई. मी सगळ्यांसमोर तो काढला असता तर तुम्ही मला जन्मात माफ केलं नसतं." तिनं ओले हात झटकले. "आणि सगळ्यांसमोर जोड कापला की कसं वाटतं ते मला माहीत आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती तशीच वळली आणि मामंजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. नवरा, दीर, सासूबाई, सगळे तिथेच होते. तिनं जोड मामंजींच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "रबरात होता. दोष धाकटीनं गुरुवारीच शोधला होता. जोड माझा आहे."

एवढं बोलायला तिला जे लागलं ते तिचं तिला ठाऊक. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. तिनं तो स्वतःच्या हातानं कापून आणला होता. आता धाकटीला "वा" मिळणार, आणि ते आपण ऐकायचं, अशी तयारी करून ती उभी राहिली.

मामंजींनी जोड डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याखाली धरून फिरवला, एकदा, दोनदा.

"उलटा," ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचं आलं. "हा अजून होता का त्यात?"

थोरलीला कळेना.

"तू केलास त्याच आठवड्यात मी नळी काढून बघितला होता. कापायला पक्कडही लावली होती. मग म्हटलं, पोरीचं एकटीचं पहिलं काम, आणि गाडी आपलीच. राहू दे. सुटेल तेव्हा बघू."

"आणि मला बोलला नाहीत?"

"दुसऱ्याच दिवशी बोललो की. रबरात जोड नाही. तुला वाटलं, मी नियम सांगतोय."

नवरा हसला, सासूबाई हसल्या. मामंजींनी तो हिरवट तुकडा रुमालाला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला, जिथे ते आपला चष्मा ठेवत.  अकरा वर्षं ती ज्या जागेसाठी जीव टाकत होती, ती जागा तिला त्याच आठवड्यात मिळाली होती, आणि त्या जोडाच्या रूपानं दर रविवारी सासूबाईंबरोबर बहिणीच्या गावाला जाऊन येत होती.

"माझा तर तुम्ही लगेच कापलात," धाकटी मागून म्हणाली.

ती हसतच म्हणाली. सगळ्यांना ती गंमत वाटली. मामंजी काहीतरी पुटपुटले, की ती गिऱ्हाइकाची गाडी होती, हेडलाइटचं काम होतं, आणि ते खरंही होतं. पण थोरलीनं वळून धाकटीचं तोंड पाहिलं. हसू ओठांवर होतं तसंच राहिलं होतं आणि डोळे मामंजींच्या त्या खिशावर लागले होते. तो चेहरा थोरलीला चांगला ओळखीचा होता. आठ महिने तिनं तो रोज सकाळी आरशात पाहिला होता.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. उगाच खोटं कशाला? चांगला पोटभर आनंद झाला. तो ओसरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिनं लाल वायरीचं भेंडोळं उचललं आणि म्हणाली, "धाकटे, चल. अख्खी नवी वायर ओढायची आहे, दारापासून डॅशबोर्डपर्यंत. एकटीनं होणार नाही."

ते एकटीनं होण्यासारखं होतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

वायर नळीतून सलग गेली. जोड आला तो डॅशबोर्डच्या खाली, जिथे काही वाकत नाही, काही हलत नाही. दोघी आत आडव्यातिडव्या वाकल्या होत्या, धाकटीचं कोपर थोरलीच्या बरगडीत. थोरलीनं दोन्ही टोकं सोलली आणि पक्कड धाकटीकडे दिली. "जोड तू दे. हा राहील." धाकटीनं तारा एकमेकींत घातल्या आणि सावकाश पीळ दिला, सरळ, एकसारखा. मग थोरलीनं पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं, नियम मोडून, दुसऱ्यांदा. बटण दाबलं. काच खाली गेली, आणि उघड्या खिडकीतून सासूबाईंनी डोकं आत घातलं आणि विचारलं की उद्या नेताय ना मला, का तुम्ही दोघीच जाताय?

टेप लावण्याआधी थोरलीनं सवयीनं तो जोड ओढून पाहिला. एकदा हलक्या हातानं, मग चांगला जोर लावून. हलला नाही. जोड उत्तम होता. थोरलीला जरा वाईटच वाटलं, आणि मग तिनं टेपेसाठी हात पुढे केला.